कुंडीवर रात्रीचा आकडा लिहा

नाशिकला थंडीनं झाड गेलं असं सांगितलं की बाहेरगावची माणसं हसतात. त्यांचंही चूक नाही. इथं बर्फ पडत नाही, गोदावरी गोठत नाही. जानेवारीत दुपारी बाराला गच्चीवर गेलं तर डोक्यावर पदर घ्यावासा वाटतो. असल्या हिवाळ्यात झाडाला काय धाड भरणार? पण डिसेंबर संपता संपता गंगापूर रोडच्या, इंदिरानगरच्या कुठल्याही चार गच्च्या बघा. अँथुरियमची पानं कडेनं काळवंडलेली, अ‍ॅग्लोनिमावर तेलकट डाग, क्रोटनच्या बुडाशी लाल-पिवळ्या पानांचा सडा. आणि घरोघर निदान एकच : पाणी कमी पडलं असणार. मग आणखी एक तांब्या.

त्या झाडांना पाणी कमी पडलेलं नसतं, रात्र सोसलेली नसते. आणि ती सोसणार नाही हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, निदान असायला हवं. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की शोभेच्या झाडाच्या प्रत्येक कुंडीवर, किमतीच्या शेजारी, ते झाड रात्री किती अंशांपर्यंत तग धरतं तो आकडा लिहिलेला असावा. तीनशे रुपये लिहिता येतात तर बारा अंशही लिहिता येतील.

मी आयुष्यभर बँकेत आकडेच मांडले, त्यामुळे आकड्यांवर माझा जरा जास्त जीव आहे, हे आधीच सांगून टाकते. निवृत्तीनंतर गच्चीवर बाग करायला घेतली तेव्हा खताच्या पिशवीआधी मी कमाल-किमान तापमापक आणला. मुलगा म्हणाला, "आई, झाडं लावतेस की वेधशाळा काढतेस?" पण त्या साध्या उपकरणानं मला जे शिकवलं ते बागेवरच्या पुस्तकांतून शिकायला मिळालं नव्हतं. तीच गच्ची, तीच रात्र, आणि उत्तरेच्या कठड्याजवळ उघड्या आभाळाखाली जो आकडा दिसतो त्याहून पाण्याच्या टाकीखाली दोन-तीन अंश जास्त. जिन्याच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत दिवसभर तापलेली असते, ती पहाटेपर्यंत ऊब सोडत राहते. तिला टेकून ठेवलेल्या कुंडीचा हिवाळा आणि कठड्यावरच्या कुंडीचा हिवाळा हे दोन निराळे हिवाळे असतात.

माझं माहेर रत्नागिरीजवळ. तिथं क्रोटनचं कौतुक करत कुणी ते कुंडीत लावत नाही, ते कुंपणाला असतं. छाटून टाकलेली फांदी गडग्यापाशी पडली तरी पावसात फुटते. नाशिकला क्रोटनची पानं गळाली हे मी फोनवर सांगितलं तर वहिनीला पटेचना. "वन्सं, क्रोटन कधी मरतं होय? आम्ही तोडून तोडून कंटाळतो." तिचं तिच्या जागी खरंच आहे. रत्नागिरीत जानेवारीतली रात्रसुद्धा साधारण अठरा-एकोणीस अंशांची असते. नाशिकला त्याच महिन्यात सरासरी दहाच्या आसपास. आणि सरासरी दहा म्हणजे काही रात्री चौदा, काही रात्री सहा. झाडाचा निकाल त्या सहाच्या रात्री लागतो. एकाच राज्यात, एका दिवसाच्या गाडीच्या अंतरावर तेच झाड एकीकडे कुंपण आणि दुसरीकडे आजारी पाहुणा. आणि दोन्हीकडच्या नर्सरीत त्याच्यावर चिठ्ठी मात्र एकच : 'क्रोटन, ऊन-सावली, रोज पाणी'.

हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पारा शून्याखाली गेला की पानातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि पेशी फाटतात. तसलं संकट आपल्याकडे क्वचित येतं. गुलाब, शेवंती, पॅन्सी, पिटुनिया यांना नाशिकची थंडी मानवते. या शहराला गुलशनाबाद म्हणत ते काही उगीच नव्हे. पण अँथुरियम, अ‍ॅग्लोनिमा, डिफेनबेकिया, कॅलॅडियम ही मंडळी विषुववृत्ताच्या आसपासच्या दमट जंगलांतली, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढलेली. गारठलेली रात्र त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांत आलेली नाही. त्यांच्या पेशींभोवतीचं जे अतिपातळ स्निग्ध आवरण असतं, ते पारा दहा-बाराच्या खाली उतरला की घट्ट होऊ लागतं. डिसेंबरात न्हाणीघरातल्या बाटलीत खोबरेल थिजतं, तसंच काहीसं. फरक इतकाच की बाटली उन्हात ठेवली की तेल पूर्ववत होतं. पानातलं आवरण तोवर जागोजाग निकामी झालेलं असतं, पेशीतलं पाणी बाहेर झिरपतं, आणि डाग पडतो. शून्याच्या जवळपासही न जाता झाड जायबंदी होतं ते असं.

यात आणखी एक घोळ आहे. इजा होते ती रात्री आणि दिसते ती दोन-चार दिवसांनी. तोवर थंडीची लाट ओसरलेली असते, आभाळ भरून आलेलं असतं, स्वेटर कपाटात गेलेलं असतं. मग पानावरचा डाग आणि मागच्या मंगळवारची पहाट यांचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. बुरशी असेल म्हणून औषध मारलं जातं, किंवा खत कमी पडलं म्हणून खत. ज्या झाडाची मुळं गारठून बसली आहेत त्याला खत घालण्यात काय अर्थ?

मुळांचंच खरं दुखणं आहे. देशावरच्या हिवाळ्याची खोड अशी, की पहाटे सहा-सात अंश आणि दुपारी अठ्ठावीस. वीस अंशांचा झोका. हवा कोरडी ठणठणीत. दुपारच्या उन्हात पान भराभर पाणी सोडतं, पण कुंडीतली माती अजून गारच असते आणि गार मातीतून मुळांना पाणी ओढता येत नाही. झाड मान टाकतं. सकाळी कुंडीत बोट खुपसून बघा, माती ओली असते आणि झाड मात्र तहानलेलं दिसतं. इथं मायेचा माणूस हमखास पाणी घालतो. रोज घातलं की आठवड्याभरात मूळकूज. बुंधा बोटांनी दाबला तर मऊ लागतो, माती उकरली तर आंबूस वास. थंडीनं जेवढी झाडं जातात त्यापेक्षा जास्त या मायेनं जातात असं माझं मत आहे, आणि गच्चीवरच्या मैत्रिणींत ते अप्रिय आहे.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. वाफसा आल्याशिवाय पाणी नाही, हे त्याच्या हाडीमाशी असतं. माझे धाकटे दीर निफाड तालुक्यात द्राक्षं काढतात. निफाडच्या गारठ्याच्या बातम्या तुम्ही दरवर्षी वाचत असालच. २०१८ च्या डिसेंबरच्या अखेरीस तिथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. अशा दिवसांत द्राक्षबागायतदार रात्र जागवतो. पहाटे बांधाबांधावर शेकोट्या पेटतात, बागेत धूर धरला जातो, ठिबकमधून विहिरीचं पाणी सोडलं जातं, कारण त्या वेळी विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. मण्यांची फुगवण थांबली, मण्यांना तडे गेले, तर वर्षाचं गणित बिघडतं. मी माझ्या कुंड्यांची काळजी बोलून दाखवली की दीर हसून म्हणतात, "वहिनी, तुमच्या गच्चीवर एक शेकोटी लावून देऊ का?" चेष्टा बाजूला ठेवू. त्यांच्याकडे फोनवर गावनिहाय तापमान येतं, शेजारच्या बागेत स्वयंचलित हवामान यंत्र आहे, आणि कोणत्या अवस्थेतल्या घडाला किती अंश बाधतात हे त्यांना तोंडपाठ आहे. नाशिक शहरात मात्र झाड विकत घेणाऱ्याला 'घरात ठेवा, छान चालतं' यापलीकडे काही सांगितलं जात नाही.

हा दोष एकट्यादुकट्या नर्सरीवाल्याचा नाही. शोभेच्या झाडांचा सगळा व्यापारच आता लांबून येणाऱ्या मालावर चालतो. आंध्रातलं कडियम घ्या. राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या खालच्या अंगाला, मैलोन् मैल रोपवाटिका. आमच्या त्र्यंबकला उगम पावलेल्या नदीच्या दुसऱ्या टोकाहून ट्रक भरभरून झाडं परत आमच्याकडेच येतात, याची मला गंमत वाटते. तिथली हवा दमट, रात्री उबदार. शेडनेटखाली, भरपूर नत्रावर, कोकोपीटमध्ये वाढवलेलं झाड तिथं टवटवीत दिसतं आणि ते खोटं नसतं. पण तेच झाड नोव्हेंबरात नाशिकला उतरतं, आठवडाभरात विकलं जातं, आणि पंधरा दिवसांत त्याच्यावर आठ अंशांची रात्र येते. कोकोपीट उन्हाळ्यात पाणी धरून ठेवतं म्हणून चांगलं. हिवाळ्यात तेच थंडगार स्पंज होऊन मुळांना चिकटून बसतं. दमट उबेत वाढलेल्या कोवळ्या फुटीला तर सावरायला वेळच मिळत नाही.

मी एकदा एका नर्सरीत विचारलं, "हे रात्री किती थंडी सोसेल?" तिथल्या मुलानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी भाजीवाल्याला मेथीची जन्मतारीख विचारली असावी. "मॅडम, इनडोअर आहे. कुठंही चालतं." इनडोअर म्हणजे अठरा-वीस अंशांचं, चोवीस तास एकसारखं घर, असं कुठंतरी गृहीत धरलेलं आहे. तशी घरं परदेशात, जिथं हिवाळाभर भिंतीतून गरम पाणी फिरतं. आमच्या घरात डिसेंबरात फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही, खिडक्या उघड्या असतात, आणि झाडाला लागणारा उजेड दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पोहोचत नाही. थंडी आली की सगळ्या कुंड्या आत ओढायच्या, हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. अंधारात आणि ओल्या मातीत झाड दोन महिने काढतं ते कुरकुरतच. नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथल्या हिवाळ्यात नाजूक झाडंसुद्धा बाहेरच ठेवावीत, फक्त जागा हुशारीनं निवडावी.

आणि जागा म्हणजे खरोखर हातभर अंतराचा प्रश्न आहे. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी, अशी रात्र असली की जमीन आणि पानं आपली उष्णता सरळ आभाळाकडे सोडतात. उघड्यावरच्या पानाचं तापमान भोवतालच्या हवेच्याही खाली जातं. पान आणि आभाळ यांच्यामध्ये काहीही आलं, आंब्याची फांदी, पत्र्याची पडवी, वाळत घातलेली चादरसुद्धा, तरी ही गळती कमी होते. थंड हवा जड, ती उताराला लागते आणि खोलगट जागी साठते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर आणि निफाड त्याच्या निम्म्याहूनही खाली, तरी थंडीत निफाडचाच आकडा बहुतेकदा खाली असतो, यात मोठं नवल नाही. महाबळेश्वरातही दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात ते वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या सखल भागातले. बाजारपेठेत तेव्हा पारा कितीतरी वर असतो. बंगल्याच्या अंगणातही हेच छोट्या प्रमाणात चालतं. कंपाउंडच्या भिंतीच्या आतल्या खोलगट कोपऱ्यात थंडी साचते, ओट्यावरच्या कुंड्या वाचतात.

प्लास्टिकबद्दल एक सांगते, कारण दर थंडीला व्हॉट्सअॅपवर तो सल्ला फिरत असतो. झाडाला प्लास्टिक गुंडाळू नका. जिथं कागद पानाला टेकतो तिथं थंडी थेट पानाला लागते, आणि सकाळी नऊनंतर उन्हात आत भट्टी होते. जुनी सुती साडी किंवा गोणपाट चार काठ्यांवर पानांना न टेकेल असं रात्री पसरावं आणि सकाळी उन्हं आली की काढावं, हे पुरतं. टाकीतलं पाणी पहाटे बर्फासारखं असतं, ते अकराच्या आधी झाडाला देऊ नये. दिवाळीनंतर नत्राचं खत बंद. काळी पडलेली पानं लगेच कापायचा मोह होतो. ती खालच्या फुटीवर पांघरूण होऊन बसलेली असतात, राहू द्यावीत. थंडी शिवरात्रीला शिव शिव म्हणत जाते म्हणतात, कात्री तेव्हा काढावी. बास, याहून जास्त सोपस्कार मी करत नाही.

काही झाडांची तर उगाच धास्ती घेतली जाते. अ‍ॅडेनियम पूर्व आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं, कोरड्या मुलखातलं. थंडीत पानं गाळून, फुगीर बुंध्यातल्या पाण्यावर झोपून राहणं हा त्याचा स्वभाव. पानं गळाली म्हणून घाबरून पाणी घातलंत तर मात्र ते नक्की कुजेल. देवचाफ्याचंही तसंच, नागव्या फांद्या म्हणजे मेलेलं झाड नव्हे. कॅलॅडियमचं पान मिटलं की कुंडी आडवी करून कोरड्यात सारावी, जूनमध्ये कंद आपोआप जागा होतो. बोगनवेल तर या कोरड्या थंडीत पेटून उठते. पॉइन्सेटियाला लाल व्हायला लांब, गडद काळोख्या रात्री लागतात; ज्यांच्या गच्चीवर रस्त्याचा दिवा पडतो त्यांचा पॉइन्सेटिया नाताळातही हिरवाच राहतो आणि दोष थंडीच्या माथी जातो. तुळशीचं लग्न लागलं की तुळस उतरायला लागते हे आपल्या आयांना माहीत होतं. मंजिऱ्या धरल्यानं आणि गारठ्यानं ती थकते. त्या मंजिऱ्या खुडत आणि पाणी बेतानं घालत. एवढं ज्ञान एका झाडापुरतं प्रत्येक घरात होतंच की. नवीन झाडं आली, त्यांच्याबरोबर त्यांचं ज्ञान आलं नाही.

ते ज्ञान आकड्यात बसवण्याचं काम जगात झालेलं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९६० मध्ये देशाचा नकाशा रंगवला : वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी किती अंशांची, त्यावरून पट्टे पाडले, आज ते तेरा आहेत. शेवटची सुधारणा २०२३ मध्ये झाली. पण तो नकाशा उणे पन्नासपासून सुरू होतो. त्याच्या हिशेबानं आपला सगळा मुलूख शेवटच्या दोन-तीन उबदार पट्ट्यांत जाऊन बसतो आणि आपल्या कामाचं त्यातून फारसं निघत नाही. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०१२ मध्ये केलेली वर्गवारी मला अधिक उपयोगी वाटते, आणि तिचं कारण मजेशीर आहे. त्यांनी एच १ ते एच ७ असे वर्ग पाडले. एच ७ म्हणजे उणे वीसच्याही खाली टिकणारी झाडं. ती आपण सोडून देऊ. त्यांच्या दृष्टीनं अगदी नाजूक अशा एच १ वर्गाचे मात्र त्यांनी आणखी तीन भाग केले : किमान पंधरा अंश लागणारी, दहा ते पंधरात राहणारी, आणि पाच ते दहा सोसणारी. काचघरातला हीटर किती वाढवायचा, किती बिल भरायचं, या चिंतेतून ही बारीक विभागणी आलेली. पण बघा, मुंबई, पुणे आणि निफाड यांच्यातला फरक नेमका याच तीन भागांत आहे! सायबाच्या काचघरासाठी आखलेल्या रेघा नाशिकच्या गच्चीला नेमक्या लागू पडतात.

आपल्या हवामान खात्यानंही माणसांच्या बाबतीत हा भेद केलेला आहे. सपाटीवर थंडीची लाट म्हणायला पारा दहापर्यंत किंवा खाली यावा लागतो आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी उतरावा लागतो; किनाऱ्यावर मात्र पंधरा अंशांनाच तो विचार सुरू होतो. म्हणजे डहाणूच्या माणसाची थंडी आणि निफाडच्या माणसाची थंडी सरकारदरबारी वेगळी आहे. मग डहाणूच्या अँथुरियमची का नसावी?

यावर आक्षेप येतात ते मी ऐकलेले आहेत. पहिला नर्सरीवाल्यांचा : आकडा लिहिला तर गिऱ्हाईक घाबरेल. दोन-चार घाबरतील, बरोबर. पण आज जे गिऱ्हाईक डिसेंबरात झाड घालवून बसतं ते 'माझ्या हाताला झाडं लागत नाहीत' म्हणत पुन्हा नर्सरीची पायरी चढत नाही, ते कुठल्या खात्यात टाकायचं? शिवाय तेच झाड फेब्रुवारी ते सप्टेंबर निर्धास्त विकता येतं. नोव्हेंबरात त्याच फळीवर शेवंती, गुलाब, पॅन्सी मांडा. दुसरा आक्षेप अभ्यासू लोकांचा : एका आकड्यात झाड मावत नाही, माती, पाणी, वारा, रोपाचं वय सगळं बघावं लागतं. अगदी खरं. तरीही औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहितातच, मग रोग्याचं वजन कितीही असो. ढोबळ आकडा कोऱ्या चिठ्ठीपेक्षा बरा. तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो : स्वस्तच तर असतात झाडं, गेलं तर दुसरं आणायचं. मोठं अँथुरियम किंवा अ‍ॅग्लोनिमा आता भाजीच्या आठवड्याच्या हिशेबाएवढं पडतं. आणि स्वस्त असलं तरी, जे मरणार हे माहीत आहे ते जगेल असं सांगून विकणं याला माझ्या बँकेत काय म्हणायचे ते मी इथं लिहीत नाही.

कायद्याची मागणी मी करत नाही. पण कायद्यानं काय काय लिहायला लावलं आहे ते पाहा. १९६६ च्या बियाणे कायद्यापासून शासनानं अधिसूचित केलेल्या वाणाच्या पिशवीवर उगवणशक्ती किती टक्के हे छापावं लागतं. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून वेगळा कायदा आहे, परवाना आहे, कलम कोणत्या मातृवृक्षाचं याची नोंद ठेवणं आहे. कारण तिथं शेतकऱ्याचं वर्ष पणाला लागलेलं असतं, हे मला समजतं. शोभेच्या झाडापायी कुणी कर्जबाजारी होत नाही. म्हणूनच इथं इन्स्पेक्टर नको, नर्सरीवाल्यांनी आपण होऊन करावं. त्यांच्या संघटना आहेत, कृषी विद्यापीठांत उद्यानविद्येचे विभाग आहेत, आणि नाशिक-निफाड पट्ट्यात द्राक्षबागांमुळे गावोगावच्या रात्रींची जी नोंद रोज होते आहे तशी राज्यात फार थोड्या ठिकाणी होत असेल. झाडांची आणि रात्रींची, दोन्ही माहिती आहे, ती एका चिठ्ठीवर यायची राहिली आहे.

आता कुणी म्हणेल, हिवाळे सौम्य होत चालले आहेत, मग एवढा आटापिटा कशाला. पुण्याचा नीचांक १.७ अंश, आणि तो १९३५ च्या जानेवारीतला. तेवढी थंडी पुण्यानं पुन्हा पाहिलेली नाही. पण निफाडची ती पहाट २०१८ मधली आहे. उबदार डिसेंबर गेले की लोक धीट होतात, हेलिकोनिया आणि एक्झोरा उघड्या गेटपाशी जमिनीत लावून टाकतात, झाडं अंगानं भरतात, आणि मग एखाद्या वर्षी उत्तरेकडून चार रात्री येतात. वाढत्या उबेच्या भरवशावर घेतलेल्या झाडाला आकडा जास्तच हवा, कारण त्याच्या मालकाला थंडी आठवेनाशी झालेली असते.

पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, पुष्पप्रदर्शन भरतं. ऐन गारठ्यातली गर्दी, बाहेर रोपांचे स्टॉल, लोक दोन्ही हातांत कुंड्या घेऊन रिक्षा शोधत असतात. प्रदर्शनातल्या झाडांपुढे नावाच्या पाट्या असतातच. तिथंच पाटीवर आणखी एक ओळ घालून सुरुवात करता येईल, आणि बाहेरच्या स्टॉलवर विकल्या जाणाऱ्या पंधरा-वीस झाडांवर तीच ओळ चिकटवता येईल. अँथुरियम, अ‍ॅग्लोनिमा, डिफेनबेकिया, क्रोटन, फॅलिनॉप्सिस ऑर्किड, एक्झोरा एवढी आधी घ्यावीत, दर हिवाळ्यात जास्तीत जास्त तीच जातात. मनी प्लँट आणि स्नेक प्लँट शेवटी घेतली तरी चालतील. कोरडी ठेवली तर ती कुणाच्याही गच्चीवर निभावतात.